वॉशिंग्टनला ‘कागद ठेवून जा, वाचून सांगतो’ म्हणणारी सिनेट: ऑगस्ट 1789 चं एक प्रकरण

अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष म्हटलं की आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षेच्या पोरांना ठरलेल्या गोष्टी पाठ असतात, जॉर्ज वॉशिंग्टन, 30 एप्रिल 1789 ला न्यूयॉर्कात शपथ, दोन टर्म केल्या न घरी गेला, संपला विषय. मोठा माणूस होता आणि त्यानं चांगल्या प्रथा पाडल्या असं लिहिलं की मार्क मिळतात. पण प्रथा पडते कशी, नेमकं कोण काय बोलतं न कोण गप बसतं तेव्हा ती पडते, हे त्यातून काही समजत नाही. म्हणून एकच प्रसंग घेतो, शनिवार आणि सोमवार एवढाच, आणि तो जरा उकलून पाहू.

हा प्रसंग घेऊन मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नवीन ग्रामपंचायतीच्या सदस्यांसोबत बसलो होतो. गट ग्रामपंचायतीतून फुटून वेगळी झालेली, पहिलेच सरपंच, पहिलीच बॉडी, कपाट पण नवीन. त्यांनी काढलेले प्रश्न मधे मधे येतील कारण काही प्रश्न खरंच भारी होते.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे वाचताना भांडायला बरं. पहिला नेता सरकार घडवतो हे अर्धं खरं आहे. वॉशिंग्टनच्या काळात सरकारला जो आकार आला तो बराचसा तिथं आला जिथं कुणीतरी त्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हटलं, आणि ते ‘नाही’ त्यानं गिळलं. गिळलं हे त्याचं श्रेय, पण ‘नाही’ म्हणणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नसतात हा घोळ आहे.

आधी मागचं

1789 ला अमेरिकेची राज्यघटना नवीकोरी होती आणि फार छोटी. 13 पैकी 11 राज्यांनीच तोवर मान्य केलेली, नॉर्थ कॅरोलिना त्याच वर्षी नोव्हेंबरात आलं, ऱ्होड आयलंड तर 1790 च्या मे महिन्यात. म्हणजे सिनेट (संसदेचं वरचं सभागृह, दर राज्याचे दोन) भरली तरी जास्तीत जास्त 22 माणसं, आपल्या बाजार समितीच्या संचालक मंडळापेक्षा थोडीच जास्त. वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या सगळ्याच्या सगळ्या 69 इलेक्टरनी मत दिलेलं, विरोधात कुणीच नाही, युद्ध जिंकून दिलेला सेनापती, वय 57. आणि हा माणूस न्यूयॉर्कला शपथेला जायच्या आधी ओळखीच्याकडून उसने पैसे काढून गेला होता, जमीन भरपूर पण हातात रोकड नाही. हे सांगितलं तेव्हा आमच्या बैठकीतले एक काकाजी लगेच म्हणाले, "म्हंजे आपल्यावानीच हाय की."

घटनेत लिहिलं होतं की राष्ट्राध्यक्ष परकीयांशी तह करेल, सिनेटच्या सल्ल्यानं आणि संमतीनं, हजर सिनेटरांपैकी दोन तृतीयांश लोकांनी हो म्हटलं पाहिजे. बस. सल्ला कधी घ्यायचा, तहाची बोलणी सुरू व्हायच्या आधी की नंतर, तोंडी की लेखी, राष्ट्राध्यक्षानं सिनेटमधे जायचं की सिनेटनं त्याच्या घरी यायचं, याच्यावर एक अक्षर नाही. मंत्रिमंडळ हा शब्दच नाही. एवढंच की खात्याच्या प्रमुखाकडून लेखी मत मागता येईल.

वॉशिंग्टनला या रिकाम्या जागांची पूर्ण जाणीव होती. मे 1789 मधेच त्यानं घटना घडवण्यात पुढं असलेल्या जेम्स मॅडिसनला लिहिलं की आपल्या स्थितीत प्रत्येक पहिली गोष्ट पुढं पायंडा होईल, म्हणून तो खऱ्या तत्त्वावर पडावा. भेटायला येणाऱ्या लोकांना कधी भेटायचं, जेवायला कुणाकडं जायचं, असल्या गोष्टींवर सुद्धा त्यानं उपराष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स वगैरे लोकांना प्रश्नांची यादी पाठवली होती. वाचताना हसू येतं पण विचार केला तर पहिल्या माणसाला हे करावंच लागतं, त्याच्या मागं पाहायला कुणी नसतं ना.

ऑगस्टच्या सुरुवातीला एक खटका उडालेला. सव्हाना बंदरावरच्या एका अधिकाऱ्याच्या पदासाठी वॉशिंग्टननं बेंजामिन फिशबर्न नावाच्या माणसाचं नाव पाठवलं आणि सिनेटनं ते नाकारलं. त्यानं पत्र लिहून सुनावलं की शंका होती तर आधी मला विचारायचं होतं. पण सुनावून दुसरं नाव पाठवलं. त्यानंतर सिनेटची कमिटी त्याला भेटली, आपण एकमेकांशी बोलायचं कसं हे ठरवायला. नेमणुकीचं लेखी चालेल पण तहाच्या बाबतीत समोरासमोर बोलणं गरजेचं आहे, असं त्याचं मत पडलं. मग 21 ऑगस्टला सिनेटनं नियम केला की राष्ट्राध्यक्ष आला तर उपराष्ट्राध्यक्षाची खुर्ची त्याला द्यायची आणि उपराष्ट्राध्यक्षाला खाली वेगळी खुर्ची. खुर्चीचं ठरलं. कागद कधी द्यायचा ते नाही ठरलं.

शनिवार, 22 ऑगस्ट

दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन आला, सोबत युद्धखात्याचा हेन्री नॉक्स. विषय होता दक्षिणेकडच्या आदिवासी राष्ट्रांशी, मुख्यतः क्रीक लोकांशी करायच्या तहाचा. जॉर्जिया राज्याचा आणि क्रीक लोकांचा जमिनीवरून वाद पेटलेला, वाटाघाटीला माणसं पाठवायची होती, त्यांना काय सूचना द्यायच्या हा प्रश्न. वॉशिंग्टननं सात मुद्दे लिहून आणलेले आणि प्रत्येकावर सिनेटचं हो की नाही पाहिजे होतं, तिथंच, बसल्या बैठकीत.

सिनेट तेव्हा बंद दारामागं भरायची, 1795 पर्यंत लोकांना आत बसूच द्यायचे नाहीत, म्हणून त्या दिवशीचं आपल्याला कळतं ते मुख्यतः पेनसिल्व्हेनियाचा सिनेटर विल्यम मॅक्ले याच्या डायरीतून. हा मॅक्ले थोडा कटकट्या माणूस होता आणि वॉशिंग्टनच्या थाटामाटावर त्याचा आधीच राग, हे लक्षात ठेवूनच ती डायरी वाचायची. छापून यायला तिला जवळपास शंभर वर्षं लागली.

तर कागद ॲडम्सच्या हातात गेला आणि त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ऑगस्टचा महिना, खिडक्या उघड्या, खालून घोडागाड्या खडखडत चाललेल्या. मॅक्ले लिहितो की आदिवासींबद्दल काहीतरी आहे एवढं कळत होतं, वाक्य एकही धड कळलं नाही. दारावरच्या माणसाला खुणा करून खिडक्या लावून घेतल्या. वाचून झाल्यावर पहिला मुद्दा मताला. कुणी बोलेना. सिनेटर रॉबर्ट मॉरिस उठला आणि म्हणाला गाड्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही, परत वाचा. परत वाचलं. परत पहिला मुद्दा मताला टाकायची वेळ आली, परत शांतता. मॅक्लेनं पाहिलं की आपण उठलो नाही तर हे सगळे एक एक करून हो म्हणत जातील, म्हणून तो उठला आणि म्हणाला की ज्या जुन्या करारांचा न कागदांचा यात उल्लेख आहे ते आधी वाचून दाखवा. आणि मग त्यानं हळूच वॉशिंग्टनकडं पाहिलं तर चेहरा कडक झालेला.

मग एक मुद्दा पुढं ढकला, दुसरा पण ढकला, असं चालू झालं. मॉरिसनं सूचना मांडली की सगळे कागद पाच जणांच्या कमिटीकडं द्या. आणि इथं वॉशिंग्टन ताडकन उठला. म्हणाला, याच्यानं माझं इथं येणंच निरर्थक होतं. युद्धखात्याच्या मंत्र्याला सोबत आणलंय, काय माहिती पाहिजे ते त्याला विचारा. मग हळूहळू शांत झाला, सोमवारपर्यंत थांबायला हरकत नाही म्हणाला, पण नाराज चेहऱ्यानंच निघून गेला. मॅक्लेनं डायरीत लिहून ठेवलं की सिनेटनं मंत्र्याच्याच डोळ्यांनी पाहावं आणि मंत्र्याच्याच कानांनी ऐकावं अशी याची इच्छा आहे.

हे वाक्य मी वाचलं आणि बैठकीत खुसखुस झाली. कारण त्यांच्या पहिल्याच मासिक सभेत हेच झालेलं. सरपंच पांदण रस्त्याची यादी घेऊन आले, सचिवानं भरभर वाचली, ठराव आधीच लिहून ठेवलेला, सूचक अनुमोदकाची जागा तेवढी कोरी. एक सदस्य ताई म्हणाल्या, "सरपंच भाऊ, यादी इथं ठेवून द्या न, घरी नेऊन वाचतो, इतकी घाई कायले?" तर सरपंच म्हणाले, "अवो ताई, सचिव बसले हायेत न समोर, काय विचारायचं ते त्याईले विचारा." बाकीचे खाली मान घालून बसले. सरपंच माणूस वाईट नाही, यादी पण बहुतेक बरोबरच असेल. नॉक्सची माहिती पण कदाचित बरोबरच होती. पण माहिती ज्याच्याजवळ आहे त्यालाच प्रश्न विचारायचा आणि त्याच्याच उत्तरावर सही करायची, याला सल्ला कोण म्हणेल. ताईंनी विचारलं की त्या मॅक्लेचं पुढं काय झालं. खरं सांगायचं तर फार काही झालं नाही, त्याला छोटी टर्म आलेली, ती 1791 ला संपली आणि तो परत निवडून आला नाही. यावर कुणी काही बोललं नाही.

सोमवार आणि त्यानंतर

सोमवारी 24 तारखेला वॉशिंग्टन परत आला, शांत, हसतमुख म्हणावं असा. बसून ऐकलं, चर्चा कंटाळवाणी झाली तरी बसला, सात मुद्द्यांवर काही हो काही नाही झालं. आणि गेला. नंतर असं सांगतात की बाहेर पडताना त्यानं परत इथं पाय ठेवणार नाही अशी शिवी घालून शपथ घेतली, पण ती ऐकीव गोष्ट आहे, तिच्यावर मी भार देत नाही. पक्कं एवढंच की तहावर सल्ला घ्यायला तो परत कधी सिनेटमधे गेला नाही. पुढच्या वर्षी क्रीक नेता अलेक्झांडर मॅकगिलिव्हरे न्यूयॉर्कला आला आणि ऑगस्ट 1790 मधे तह झाला, तेव्हा वॉशिंग्टननं सिनेटला विचारलं, पण लेखी. मग हळूहळू तेही मागं पडलं. वाटाघाटी राष्ट्राध्यक्ष करणार, तह लिहून तयार करणार आणि शेवटी सिनेटपुढं ठेवणार, घ्या नाहीतर सोडा. घटनेत एक अक्षर बदललं नाही. दोन बैठका झाल्या, एक माणूस चिडला, आणि सल्ल्याचं काम गळून संमती तेवढी राहिली.

पोरांनी इथं थांबून विचार करावा असं मला वाटतं. सिनेट बरोबर होती का? मला वाटतं त्या शनिवारी शंभर टक्के बरोबर होती, न वाचलेल्या कागदावर हो म्हणणारी सभा एकदा झाली की पुढं तशीच राहते. पण तिला त्याची किंमत पडली. पुढं 1795 ला इंग्लंडसोबतचा ‘जे करार’ (जॉन जे यानं केलेला) आला तेव्हा तो आतून झाल्यावरच सिनेटच्या हातात पडला, व्यापाराचं एक कलम बाजूला काढून 20 विरुद्ध 10 नं कसाबसा पास झाला, म्हणजे दोन तृतीयांशाच्या काठावर. बोलणी चालू असताना विचारलं असतं तर तो तमाशा एवढा झाला नसता असं मला वाटतं. आणि 1919 ला पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाला तर सिनेटनं सरळ नाही म्हटलं, राष्ट्राध्यक्ष विल्सन हात चोळत राहिला.

आता दुसरा ‘नाही’ पाहा, तो जास्त गोड आहे. 1793 ला फ्रान्स-इंग्लंड युद्ध पेटलं, अमेरिकेनं तटस्थ राहायचं ठरवलं, आणि त्यातून कायद्याचे डोकेदुखीचे प्रश्न निघाले, आपल्या बंदरात कुणाचं जहाज सजवू द्यायचं, पकडलेल्या जहाजाचं काय करायचं वगैरे. वॉशिंग्टनच्या वतीनं परराष्ट्र मंत्री जेफरसननं सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना 29 प्रश्न पाठवले, तुमचं मत सांगा. सरन्यायाधीश जॉन जे आणि सहकाऱ्यांनी ऑगस्टमधे नम्रपणे कळवलं की खटल्याबाहेर नुसतं मत देणं आम्हाला योग्य वाटत नाही. आजही तिथलं सुप्रीम कोर्ट असं सल्ल्याचं मत देत नाही. आपल्याकडं उलट आहे, आपल्या घटनेच्या कलम 143 प्रमाणं राष्ट्रपती सुप्रीम कोर्टाला मत विचारू शकतात, ते आपल्या लोकांनी लिहूनच ठेवलं. घटना लिहायला उशीर झाला की बाकीच्यांचे घोळ बघायला मिळतात हा आपला फायदा.

सिनेटनं कागद मागितला, पुढं कोर्टानंही हात वर केले, मग वॉशिंग्टनला बोलायला राहिलं कोण? त्याचेच खातेप्रमुख. परराष्ट्राचा जेफरसन, तिजोरीचा हॅमिल्टन, युद्धाचा नॉक्स आणि ॲटर्नी जनरल रँडॉल्फ. आधी तो त्यांची एकेकट्याची लेखी मतं घ्यायचा. 1791 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बँकेच्या बिलावर असंच केलं, रँडॉल्फ नको म्हणाला, जेफरसन नको म्हणाला, मग हॅमिल्टनला त्या दोघांचे कागद देऊन उत्तर लिहायला लावलं आणि ते वाचून सही केली. सगळ्यांना एकत्र बसवणं 26 नोव्हेंबर 1791 पासून सुरू झालं, आणि 1793 च्या संकटात तर बैठकांवर बैठका. म्हणजे ज्याला आज आपण अमेरिकन कॅबिनेट म्हणतो ते घटनेतून आलेलं नाही, सिनेटच्या दाराला कडी लागली तेव्हा उघडलेलं, आणि 1793 ला कोर्टाच्या दारालाही लागल्यावर पक्कं झालेलं तिसरं दार आहे ते.

त्या खोलीत पण काही सुखाचं नव्हतं. जेफरसननं पुढं लिहिलंय की हॅमिल्टन आणि मी रोज दोन कोंबड्यांसारखे झुंजायला समोर उभे केले जायचो. गडचिरोली, चंद्रपूरकडचा कोंबडबाजार ज्यानं पाहिलाय त्याला हे जास्त समजवायला नको. फरक एवढा की इथं पायाला काती नव्हती आणि मालक दोघांचा एकच होता. जेफरसन 1793 च्या शेवटी निघून गेला, हॅमिल्टन 1795 च्या जानेवारीत. माझ्या मते वॉशिंग्टनची खरी हुशारी इथं दिसते, दोन एकमेकांचं तोंड न पाहणारी डोकी त्यानं जवळ ठेवली आणि तरी निर्णय स्वतःकडं ठेवला. उलट शेवटच्या दोन वर्षात त्याच्याजवळ त्या तोडीचं विरोध करणारं कुणी राहिलं नाही, आणि ते जाणवतं.

याचा अर्थ तो सगळीकडं नमला असा काढू नका. त्याच 1789 च्या शरद ऋतूत तो बोस्टनला गेला तेव्हा मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन हॅनकॉक अडून बसला की राष्ट्राध्यक्षानं आधी माझ्याकडं यावं. वॉशिंग्टननं त्याच्या घरचं जेवण नाकारलं. दुसऱ्या दिवशी हॅनकॉक स्वतः आला, पाय दुखतो म्हणून नोकरांनी उचलून आणलं. केंद्र मोठं की राज्य मोठं हा वाद एका जेवणाच्या ताटावर निकाली निघाला, आपल्याकडं मानपानावरून मांडव सोडून जाणारे पाव्हणे पाहिले तर यात नवल काही नाही. स्वतःचा मान कुठं धरायचा आणि कुठं सोडायचा हे त्याला कळत होतं. पदवीच्या बाबतीत मात्र हाऊसनं, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहानं, सरळ केलं, ॲडम्स न सिनेटवाल्यांना ‘हिज हायनेस’ लावून लांबलचक किताब पाहिजे होता, हाऊसनं नुसतं राष्ट्राध्यक्ष म्हटलं आणि तेच राहिलं.

बैठकीतला सगळ्यात भारी प्रश्न एका तरुण सदस्यानं विचारला, सगळ्यात मागं बसलेला. "सर, जमीन कोणाची होती? त्याईले कोणी इचारलं का त्या शनवारी?" नाही विचारलं. जास्तीत जास्त 22 सिनेटर, एक राष्ट्राध्यक्ष, एक मंत्री, सात मुद्दे, आणि क्रीक माणूस खोलीत एकही नाही. सिनेट आणि राष्ट्राध्यक्ष कोण कुणाला विचारणार यावर भांडत होते आणि ज्यांच्या जमिनीचा कागद होता ते त्या भांडणात पक्षकार पण नव्हते. वॉशिंग्टनच्या स्वतःच्या घरात गुलाम होते, 1793 चा पळून गेलेल्या गुलामांना धरून परत द्यायचा कायदा त्याच्याच सहीनं झाला, आणि 1796 ला त्याच्या घरातून ओना जज नावाची तरुणी पळाली ती त्यानं शोधाशोध करूनही परत आली नाही. पहिल्या सरकारचं कौतुक करताना हे बाजूला ठेवता येत नाही, कारण कुणाला विचारायचं नाही याचा पायंडा पण त्याच वर्षात पडत होता.

त्या पोराच्या प्रश्नावरून मग मेंढा लेखाचं निघालं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं हे गाव, देवाजी तोफा आणि ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ वालं, 2009 ला सामूहिक वनहक्क मिळालेलं. तिथं अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात बसून विषय वाचायचा, चिवडायचा, बाहेरचा माणूस बोलवायचा, तिथं निर्णय नाही. निर्णय ग्रामसभेत, तो पण सगळ्यांच्या सहमतीनं. रॉबर्ट मॉरिस पाच जणांची कमिटी मागत होता ती हीच गोष्ट, वाचायची जागा आणि हात वर करायची जागा एकच ठेवू नका. वॉशिंग्टनला ते तेव्हा अपमान वाटलं. वाटणारच, सेनापती होता.

आता त्या ग्रामपंचायतीचं सांगतो, लोक विचारतात म्हणून. सरपंच पण त्या संध्याकाळी शेवटी येऊन बसले होते, थोडे फुगलेले, पण पूर्ण ऐकलं. सध्या अजेंड्यासोबत यादीची आणि एस्टिमेटची झेरॉक्स सदस्यांच्या घरी जाते. ताईंनी पहिलीच यादी घरी नेऊन नवऱ्यासोबत न दिरासोबत वाचली आणि दोन पांदणी त्यात नव्हत्याच हे काढलं, त्या वाढल्या, एक कटली, आणि ज्याची कटली तो आता सरपंचाशी बोलत नाही, ताईंशी तर नाहीच नाही. झेरॉक्सचा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा यावर मात्र सचिव अजून अडून बसलेत, पुढच्या मासिक सभेत विषय क्रमांक चार तोच आहे.